फीमाफीचा शब्द: शालेय क्रिकेटमधली खेळाडूभरती

बोरिवलीतल्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलने 1999च्या सुमारास एका नव्या विद्यार्थ्याची फी माफ केली. मुलगा ऑफस्पिन टाकायचा आणि फलंदाजीला आठव्या क्रमांकावर यायचा. आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत. वडिलांच्या मिळकतीत भागत नव्हतं म्हणून तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढत होता. क्रिकेट शिबिराचे पैसेही काकांनीच भरले होते. शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला आणि ‘आमच्या शाळेत ये’ म्हणाले. शाळेची फी महिना 275 रुपये, ती घरच्यांना झेपणारी नव्हती. लाड यांनी संचालकांकडे शब्द टाकला, फी माफ झाली आणि पुढची चार वर्षं मुलाने शाळेला एक पैसा दिला नाही. त्याची फलंदाजी हेरली तीही लाड यांनीच. आठव्यावरून उचलून त्यांनी त्याला सलामीला पाठवलं, आणि सलामीवीर म्हणून पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकलं. त्या मुलाचं नाव रोहित शर्मा. 2024 साली टी-20 विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता.

ही गोष्ट आपण नेहमी गुरू-शिष्याची म्हणून ऐकतो. ती तशी आहेच, पण तिच्यात एक साधा व्यवहारही आहे. शाळेला सामने जिंकून देणारा मुलगा हवा होता, घरच्यांना परवडणारी शाळा हवी होती आणि दोन्हीकडचं बोलू शकेल असा एक माणूस मध्ये उभा होता. याला खेळाडूभरती म्हणायचं. मुंबईत ती कित्येक दशकं चालू आहे. फरक इतकाच, की तिचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत.

जिथे ते लिहिलेले आहेत, त्या अमेरिकेकडे आधी पाहू. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने लाखभर लोक मैदानात बसून बघतात आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी विद्यापीठांना प्रचंड पैसा मिळतो. त्यामुळे शाळकरी खेळाडू शोधणं हा तिथे पगारी माणसांचा स्वतंत्र विभाग असतो. मुलांच्या चित्रफिती पाहिल्या जातात, उन्हाळी शिबिरांत त्यांची उंची, वजन, धावण्याचा वेग मोजला जातो, खासगी संस्था त्यांना पाचपर्यंत तारे देतात. प्रशिक्षकाने मुलाशी कधी बोलायचं, त्याच्या घरी कधी जायचं, कोणत्या काळात संपर्कच ठेवायचा नाही, याचं कॅलेंडर एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवते. शेवटी ठरावीक दिवशी मुलगा कागदावर सही करतो आणि त्याच्या शिक्षणाचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च विद्यापीठ उचलतं. वरच्या श्रेणीतल्या संघाला अशा 85 शिष्यवृत्त्या देता येत. 2025 मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा जाऊन संघात 105 खेळाडूंची मर्यादा आली, आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायलाही मुभा मिळाली. त्याआधी 2021 पासून खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमवू लागलेच होते. तिथे गैरप्रकार होत नाहीत असं मुळीच नाही. पण कोणी काय कबूल केलं, हे कागदावर असतं.

मुंबईत महाविद्यालयाआधी शाळाच मुलगा उचलते. कारण इथल्या क्रिकेटचा पाया शाळांनी घातला. मुंबई शालेय क्रीडा संघटना 1893ची. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची आंतरशालेय स्पर्धा 1897 पासून चालते आणि तिच्यापेक्षा लहान मुलांची जाइल्स शील्ड 1901 पासून. आज हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालच्यांची आणि जाइल्स चौदा वर्षांखालच्यांची मानली जाते. एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाने जाइल्समध्ये धावांचा रतीब घातला, की मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवड समितीच्या कानावर त्याचं नाव जातंच. उपनगरातल्या गल्लीतून मुंबईच्या सोळा वर्षांखालच्या संघापर्यंत जाणारा हा सगळ्यात जवळचा रस्ता. पण त्यावर पाऊल ठेवायचं तर शाळेचा संघ हवा आणि तो पहिल्या फेरीतच गारद होणारा नको. मुलगा कितीही चांगला असला, तरी त्याची शाळा पहिला सामना हरली तर त्याचा मोसम एका दिवसात आटोपतो. फलंदाजी चांगली असूनही मुलं शाळा बदलतात ती यामुळे.

दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचं उदाहरण याचसाठी महत्त्वाचं आहे. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी सांगितलं म्हणून तो शारदाश्रमात आला, आणि सराव, सामने, शाळा यांची धावपळ जमावी म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. त्याच शाळेतला विनोद कांबळी कांजूरमार्गहून किट बॅग सावरत लोकलने यायचा. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात या दोघांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागी केली: कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326. जगभर गाजलेल्या त्या भागीतले दोघेही शाळेच्या आसपास वाढलेले नव्हते. दोघांनाही त्या शाळेत आणलं ते क्रिकेटने.

मुलगा हेरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे विरुद्ध संघ. आपल्याविरुद्ध जो मुलगा खेळून जातो तो प्रशिक्षकाच्या लक्षात राहतो. पालघरच्या शार्दूल ठाकूरचं असंच झालं. त्याने लाड यांच्या शाळेविरुद्ध धावाही केल्या आणि बळीही घेतले. लाड यांनी त्याच्या वडिलांना विचारलं. वडील शेतकरी, रोज पालघरहून बोरिवलीला मुलाला कसं पाठवायचं, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. लाड यांनी त्यावर स्वतःच्या घराचं दार उघडलं. शार्दूल त्यांच्या कुटुंबात राहून त्यांच्या शाळेकडून खेळला, आणि हॅरिस शील्डच्या एका सामन्यात त्याने षटकातल्या सहाच्या सहा चेंडूंवर षटकार मारले. लाड यांचा मुलगा सिद्धेश पुढे मुंबईकडून रणजी खेळला. म्हणजे त्या एका घरात दोन रणजीपटू वाढत होते. दिनेश लाड यांना 2022 साली द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला.

दुसरी जागा उन्हाळी शिबिरांची. एप्रिल-मे महिन्यांत बोरिवली-कांदिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत जिथे म्हणून थोडी मोकळी जागा आहे तिथे नेट लागतात. सकाळी सातला पांढऱ्या कपड्यांतली शे-दीडशे मुलं रांगेत उभी असतात. सुट्टीत पोर घरात दंगा नको म्हणून पाठवलेली त्यात बरीच. जाणता प्रशिक्षक अशा गर्दीत लांबचे फटके बघत बसत नाही. चेंडू सुटताना फलंदाजाचं डोकं हलतं का, अंगावर आलेल्या चेंडूला तो मागच्या पायावर जातो की लेगकडे पळतो, टेनिस चेंडूची सवय असलेल्या मुलाचा हात लेदरच्या चेंडूला कचरतो का, हे तो पाहतो. बाद झालेला मुलगा पॅड सोडून झाडाखाली गप्पा मारायला जातो की पुढच्याची फलंदाजी बघत बसतो, यावरूनही त्याला पुष्कळ कळतं. मुंबईत ज्याला ‘खडूस’ म्हणतात, म्हणजे विकेट फेकायची नाही हा हट्ट, तो शिकवता येतो का यावर वाद आहे. पण तो असला तर बाराव्या वर्षीही दिसतो.

तिसरी जागा वर्तमानपत्राचा कोपरा. शालेय सामन्यांचे धावफलक तिथे बारीक टाइपात छापून येत, आणि नाव यायला किमान 30 धावा लागत. शारदाश्रमाकडून खेळताना सचिनने एकदा 24 धावा केल्या. धावफलक लिहिणाऱ्याने अवांतरातल्या सहा धावा त्याच्या नावावर टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी नाव छापून आलं. ते वाचून आचरेकर सर चिडले, आणि न केलेल्या धावा स्वतःच्या नावावर का लावून घेतल्यास, म्हणून त्यांनी त्याला खडसावलं. ही आठवण सचिनने स्वतः सांगितलेली आहे. सहा धावांसाठी एवढा आटापिटा, कारण बारीक टाइपातलं ते नाव निवड समितीतली माणसं वाचत. आज तेच काम मोबाइलवरच्या धावफलकाची ॲप आणि व्हॉट्सॲपवरच्या चित्रफिती करतात.

मुलगा ठरला की पुढचं बोलणं पालकांशी. इथे पैशांची पाकिटं फिरतात अशी कल्पना कोणी करून घेऊ नये; देवाणघेवाण बहुतेक वेळा सेवांची असते. फी पूर्ण किंवा अर्धी माफ. सामन्यांच्या दिवशी हजेरीत सांभाळून घेणं. चुकलेली चाचणी नंतर देण्याची मुभा. शाळेच्या नेटमध्ये विनाशुल्क सराव. कधी बॅट किंवा पॅडची जोडी. फार लांबच्या मुलासाठी राहण्याची सोय. पृथ्वी शॉ विरारचा; विरार चर्चगेटपासून 60 किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये किट बॅग घेऊन शिरणं काय असतं हे पश्चिम रेल्वेवरच्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. पहाटे घर सोडायचं, वांद्र्यात सराव करायचा, मग शाळा, आणि वडील सोबतीला, अशी त्याची वर्षं गेली. पुढे राजकारणातल्या एका हितचिंतकाने त्या बापलेकांना सांताक्रूझ-वाकोल्याकडे राहायला जागा दिली आणि प्रवास वाचला.

पृथ्वीची शाळा वांद्र्याची रिझवी स्प्रिंगफील्ड. शारदाश्रमानंतर गुणी मुलं एका छत्राखाली आणण्यात या शाळेचा हात धरणारी दुसरी सापडणं कठीण. सर्फराज खानने हॅरिस शील्डमध्ये 2009 साली 439 धावा केल्या त्या या शाळेकडून. अरमान जाफरने 2010 साली जाइल्समध्ये केलेल्या 498 धावाही याच शाळेच्या. नोव्हेंबर 2013 मध्ये पृथ्वीने आझाद मैदानावर 546 धावा काढल्या तेव्हा समोर बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी असिसी ही शाळा होती. रिझवीच्या 991 धावा झाल्या. बोरिवलीच्या मुलांना पहिल्या डावात शंभरीही गाठता आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे 546 हाच आकडा होता. पण त्या सामन्यात दिवसभर उन्हात चेंडूमागे धावलेली अकरा मुलंही होती, आणि भरतीची दुसरी बाजू तिथे दिसते. आठ-दहा चांगली मुलं एकाच शाळेत जमली की त्या शाळेला ढाल मिळते, मुलांना एकमेकांशी स्पर्धा करून शिकता येतं, आणि बाकीच्या शाळांतलं क्रिकेट पातळ होतं. दुबळ्या गोलंदाजीवर काढलेल्या धावा मुलाचं खरं मोजमाप देत नाहीत. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी 2016 मध्ये भंडारी चषकाच्या सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा रातोरात जगभर पोचला आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या, अपेक्षांचं ओझं वाढलं, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी असं त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला कळवलं. त्या बापाचा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. मुलाच्या पंधराव्या वर्षी त्याच्यावर एवढा प्रकाश टाकणाऱ्या आपल्या सगळ्यांनी मात्र त्यावरून काही शिकायला हवं.

वय हा दुसरा दुखरा भाग. चौदा वर्षांखालच्या सामन्यात सोळाचा मुलगा उतरवला तर तो राक्षसासारखा खेळणारच. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं. टीडब्ल्यू-3 नावाची ही पद्धत आहे. तिथे अडकलेल्या मुलाचं सगळं नियोजन एका कागदाने कोसळतं. जन्मतारीख ‘सांभाळून घेऊ’ म्हणणारा माणूस मुलाचं भलं करत नसतो.

दहावीनंतर महाविद्यालयांची पाळी येते. अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी जागा राखीव असतात, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत ठरलेल्या पातळीवर खेळलेल्यांना 25 पर्यंत वाढीव गुण मिळू शकतात. त्यामुळे जून-जुलैत जिमखाना विभागाच्या प्राध्यापकांची लगबग असते. माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयातून दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री आणि श्रेयस अय्यर गेले ते योगायोगाने नव्हे. चांगल्या संघाकडे चांगली मुलं आपोआप ओढली जातात. आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडक 1935 पासून आहे, आणि एके काळी कसोटीची वाट तिथूनच जाई. तिथे चमकलेल्याला बँका आणि कंपन्या टाइम्स शील्ड या कार्यालयांच्या स्पर्धेसाठी नोकरी देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत आणि सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते ते असेच. आज नोकऱ्यांची ती फळी विरळ झाली आहे. आयपीएलचे संघ आपली माणसं थेट वयोगटांच्या सामन्यांना धाडतात, आणि एकोणीस वर्षांखालच्या संघातून मुलगा महाविद्यालयाचं तोंड न बघता लिलावात जाऊ शकतो. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचं दार महाविद्यालयातून उघडतं. इथे महाविद्यालय वाटेतून बाजूला पडत चाललं आहे.

मुलींची वाट अजून वेगळी. मुलांसारखी सव्वाशे वर्षांची शालेय परंपरा त्यांच्या मागे नव्हती. लॉर्ड्सवर 2017च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 86 धावा करणारी पूनम राऊत बोरिवलीची. तिला घडवलं प्रशिक्षक संजय गायतोंडे यांनी. भांडुपला लहानपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचं कुटुंब खेळाच्या सोयीसाठी वांद्र्याला आलं, आणि तिचे पहिले प्रशिक्षक तिचे वडील. मुलींच्या बाबतीत शाळा क्वचितच स्वतःहून दार ठोठावते. घरच्यांनाच दार शोधावं लागतं.

नजर एकाच माणसाची असली की ती चुकूही शकते. अकरा वर्षांचा सचिन शिवाजी पार्कवर आचरेकर सरांसमोर पहिल्यांदा खेळला तेव्हा बुजला आणि जमलं नाही. थोरला भाऊ अजित याने विनंती केली, की सर, तुम्ही जरा लांबून, त्याला दिसणार नाही असं उभं राहून पाहा. सरांनी ते ऐकलं. प्रत्येक मुलामागे असा भाऊ नसतो, आणि प्रत्येक प्रशिक्षक दुसऱ्यांदा पाहायला तयार नसतो. लाड किंवा आचरेकर भेटले तर लिखित नियमांची गरजच पडत नाही. दुसरं कोणी भेटलं तर मात्र दुखापत झाल्यावर माफ झालेली फी पुन्हा लागू होते का, हे सांगायला कोणी बांधील नसतं. अमेरिकेकडून घेण्यासारखं आहे ते एवढंच. तिथला पैसा नको, पण दिलेला शब्द कागदावर हवा.

शार्दूल ठाकूरचा जन्म 16 ऑक्टोबर 1991चा. त्याच दिवशी जन्मलेला सौरभ नेत्रावळकर मालाडचा. तो 2010चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला, अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून अभियंता झाला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळला आणि पुढे दार उघडेना तेव्हा 2015 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला. क्रिकेट संपलं असं त्याने मानलं होतं. जून 2024 मध्ये डॅलसच्या मैदानावर पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून दिलं ते त्यानेच. त्या वेळी तो सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता. त्याला भरती कोणी केलं नव्हतं. शिक्षणाने त्याला दुसरा डाव दिला.

तेव्हा एखाद्या शाळेने तुमच्या मुलाला किंवा मुलीला बोलावलं, तर आनंद जरूर माना, पण हो म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा. फीमाफी किती वर्षांची आणि ती लेखी मिळेल का. दुखापत झाली किंवा संघातून वगळलं तर ती चालू राहील का. सामन्यांमुळे बुडालेला अभ्यास कोण आणि कधी भरून काढून घेणार. आणि गेल्या काही वर्षांत या संघातून जी मुलं मुंबईकडून खेळली नाहीत, ती आज काय शिकत आहेत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कोणीही गोड देईल. चौथ्याचं उत्तर ज्या शाळेकडे तयार असेल, तिथे मुलाचं नाव निश्चिंत मनाने घाला.